वरण-भातासोबत वाइन: ताटाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात

मराठी घरातील रोजचे ताट एकदम वाढले जाते, आणि वाइन कशासोबत घ्यावी याविषयीचे बहुतेक प्रचलित नियम मात्र एकामागून एक येणाऱ्या पदार्थांच्या जेवणासाठी तयार झालेले आहेत. फ्रान्समध्ये किंवा इटलीत आधी मासा, मग मांस, शेवटी चीज किंवा गोड पदार्थ अशी रांग असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेगळी वाइन देणे शक्य असते. आपल्याकडे एका घासाला आमटी-भात असतो, पुढच्या घासाला पोळी-भाजी, मध्येच कोशिंबीर आणि बोटाच्या टोकावर घेतलेले लोणचे. त्यामुळे ‘माशासोबत पांढरी आणि मटणासोबत लाल’ हा नियम आपल्या ताटाला फार थोडा उपयोगी पडतो. गेली काही वर्षे घरच्या साध्या जेवणासोबत वाइन चाखताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. वाइन निवडताना ताटाच्या उजव्या बाजूला काय आहे हे पाहण्यापूर्वी डाव्या बाजूला काय आहे ते पाहावे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे यांत जे खारट, आंबट, तिखट आणि गोड असते, तेच आमटीत, उसळीत आणि रश्श्यातही निरनिराळ्या प्रमाणात उतरलेले असते, आणि वाइनची चव बदलण्याचे सामर्थ्य त्यांच्यातच सर्वाधिक असते. पदार्थ वांग्याचा आहे की कोंबडीचा, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

हे पडताळून पाहण्यासाठी कोणत्याही महागड्या बाटलीची गरज नाही. एका लहान ताटलीत चिमूटभर मीठ, लिंबाची एक फोड, गुळाचा खडा आणि थोडा हिरव्या मिरचीचा ठेचा घ्यावा. दोन पेल्यांत दोन वाइन ओताव्यात: एक कोरडी, म्हणजे साखरेचा अंश जवळजवळ नसलेली लाल, आणि एक किंचित गोडसर पांढरी. पेला तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये, कारण वाइन फिरवून तिचा वास वर येण्यासाठी मोकळी जागा लागते, आणि चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातील फार मोठा भाग नाकानेच ओळखलेला असतो. आधी दोन्ही वाइनचा एकेक घोट नुसताच घ्यावा आणि जिभेवर थोडा वेळ खेळवावा. आंबटपणामुळे जिभेच्या कडांना पाणी सुटते, टॅनिन या तुरट द्रव्यामुळे हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, अल्कोहोलमुळे घशाशी ऊब जाणवते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या की पुढचे सगळे सोपे होते.

त्यानंतर लिंबू चाटून पुन्हा घोट घ्यावा. मघाशी जी वाइन आंबट वाटली होती ती आता मऊ आणि अधिक फळांच्या चवीची वाटते, कारण जीभ आधीच आंबटाला सरावलेली असते. मिठानेही जवळपास हेच घडते. लाल वाइनमधील कडवटपणा आणि तुरटपणा मीठ दाबून टाकते. गूळ मात्र उलट करतो. गुळानंतर कोरडी वाइन पातळ, आंबट आणि रुक्ष लागते, तिच्यातील फळांची चव नाहीशी होते. शेवटी ठेचा. तिखटाचा दाह जिभेवरील ज्या संवेदी ग्राहींमुळे जाणवतो, त्यांनाच अल्कोहोलही चेतवते, आणि म्हणून ठेच्यानंतर घेतलेला जास्त अल्कोहोलच्या लाल वाइनचा घोट आगीत तेल ओततो. त्यात टॅनिन भर घालते आणि कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. त्याच ठेच्यावर थंडगार, किंचित गोडसर पांढरी वाइन घेतली तर दाह लवकर ओसरतो. मीठ आणि आंबट वाइनला मदत करतात, गोड आणि तिखट तिची परीक्षा पाहतात. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तर आपल्या स्वयंपाकातील बहुतेक पदार्थांसाठी वाइन निवडता येते.

या कसोटीवर साधा वरण-भात किती चांगला उतरतो, हे मला विशेष आनंदाचे वाटते. तुरीचे गोडे वरण, वर साजूक तूप, मीठ आणि लिंबू. यात तिखट नाही, गोडही नावापुरतेच आहे, आणि वाइनला हवे असलेले मीठ, स्निग्धता व आंबटपणा तिन्ही आहेत. अशा भातासोबत नाशिकची कोरडी शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घेतली तर तुपाने जिभेवर आलेला थर तिच्या आंबटपणाने स्वच्छ होतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. वाइनसाठी खास पदार्थ करावे लागतात, हा समज मोडायला हा एक भातच पुरेसा आहे.

चिंच-गुळाच्या आमटीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच अधिक रंजक आहे. चिंचेचा आंबटपणा प्रामुख्याने टार्टारिक आम्लाचा असतो, आणि द्राक्षांचा मुख्य आंबटपणाही त्याच आम्लाचा असतो. लिंबाचे आम्ल वेगळे, आमसुलाचे त्याहून वेगळे. चिंच आणि द्राक्ष मात्र या बाबतीत सख्खी भावंडे आहेत. म्हणून चिंचेच्या आमटीपुढे वाइनचा आंबटपणा परका वाटत नाही. पण आमटीत गूळ आहे, आणि गुळाने कोरडी वाइन रुक्ष लागते हे आपण वर पाहिले. तेव्हा येथे वाइनमध्ये आमटीइतका तरी गोडवा हवा. गोडसर शेनिन ब्लाँमध्ये तो असतो, आणि गोड्या मसाल्यातील दालचिनी, लवंग, दगडफूल यांच्या वासाशी तिचा पिकल्या पेरूसारखा, मधासारखा वास सहज जुळतो. कांदा-लसणाच्या झणझणीत आमटीला मात्र मी हीच वाइन अधिक थंड करून देईन.

शेनिन ब्लाँचे नाव या लेखात वारंवार येणार आहे, आणि त्याला कारण आहे. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील ही जात दक्षिण आफ्रिकेत फार मोठ्या प्रमाणावर लावली गेली आणि उष्ण हवेतही आपला आंबटपणा टिकवून धरते, म्हणून तिची ख्याती झाली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुला व्हिनयार्ड्ससाठी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनियॉ ब्लाँ या जातींच्या वेली लावल्या आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्यापूर्वी ऐंशीच्या दशकातच श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन तयार करून ती परदेशी पाठवली होती, हेही विसरता कामा नये. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले, आणि ज्या नाशिक जिल्ह्याची ओळख खाण्याच्या द्राक्षांची होती तो वाइनचाही जिल्हा झाला.

आपल्याकडील वाइनच्या चवीचा संबंध आपल्या ऋतुचक्राशी फार जवळचा आहे. युरोपात हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि शरद ऋतूत द्राक्षे तोडली जातात. महाराष्ट्रात वेल कधी पूर्ण झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळासाठी गोड्या बहराची छाटणी. फळ थंडीत भरते आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकच्या थंड रात्री द्राक्षातील आम्ल राखतात, पण मार्चचे ऊन चढू लागले की साखर वाढते आणि आम्ल झपाट्याने उतरते. म्हणून तोडणीची वेळ साधणे हे येथील वाइननिर्मितीतील सर्वांत नाजूक काम आहे. जी पांढरी वाइन वेळेवर तोडलेल्या द्राक्षांची आहे ती आपल्या आंबट-तिखट जेवणापुढे टिकते. ज्या वाइनचे आम्ल उतरले आहे ती आमटीपुढे पाण्यासारखी लागते. आपण घरी चाखताना हाच एक गुण आधी शोधावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पिठले-भाकरी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी हे आमच्या घरचे रात्रीचे नेहमीचे जेवण आहे. त्यासोबत मला सोव्हिनियॉ ब्लाँ आवडते. या जातीत ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास असतो, आणि त्या वासाला कारणीभूत असलेले रसायन ढोबळी मिरचीतही असते. पिठल्यातील हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लसणाची फोडणी यांच्याशी तो वास मिळून जातो. कच्च्या कांद्याच्या उग्रपणापुढे इतर अनेक वाइन दबतात, ही दबत नाही. शेंगदाण्याच्या चटणीला तर ती फार उत्तम. हीच वाइन मटकीच्या उसळीला आणि कोथिंबीर घालून केलेल्या बटाट्याच्या पिवळ्या भाजीलाही चालते.

भरली वांगी मात्र लाल वाइन मागतात. दाण्याचा कूट, तीळ, सुके खोबरे आणि तेलाचा तवंग यांनी हा शाकाहारी पदार्थ इतका भरदार होतो की पांढरी वाइन त्याच्याखाली दडपून जाते. येथे मला सँजोव्हेज ही इटालियन जात योग्य वाटते, कारण तिच्यात रंग आणि अंग असूनही आंबटपणा चांगला असतो. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत ही जात लावलेली आहे. मोहिते-पाटील व सेखरी कुटुंबे आणि इटलीतील सेच्ची बंधू यांच्या भागीदारीतून तो प्रकल्प उभा राहिला. वांग्याच्या मसाल्यात तिखट माफक ठेवले तर या वाइनची आंबट चेरीसारखी चव आणि कुटाचा खमंगपणा एकमेकांना उठाव देतात.

माशांच्या बाबतीत जुना नियम अगदीच चुकीचा नाही, आणि त्यामागचे कारण आता कळलेले आहे. लाल वाइन आणि मासे एकत्र खाल्ल्यावर तोंडात जी उग्र, हिमसी चव उरते तिचा शोध जपानमधील संशोधकांनी घेतला, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वाइनमधील लोह हे त्याचे मुख्य कारण असल्याचे दिसून आले. ज्या वाइनमध्ये लोह अधिक, तिच्यासोबत हिमसेपणा अधिक. लाल वाइनमध्ये हे प्रमाण पुष्कळदा जास्त असते, म्हणून बांगडा किंवा तारलीसारख्या तेलकट माशांना ती टाळावी. हळद, तिखट आणि आमसुलाचे आगळ लावून रव्यात घोळवून तळलेल्या सुरमईच्या तुकडीला सोव्हिनियॉ ब्लाँ हवी. जेथे आपण लिंबू पिळतो तेथे ती लिंबाचेच काम करते. ओल्या नारळाच्या वाटणाचे कालवण मात्र जड असते, त्याला किंचित गोडसर शेनिन बरी. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यासोबत मी स्पार्कलिंग वाइन घेणार नाही. तिरफळाने जिभेला आधीच मुंग्या आलेल्या असतात आणि बुडबुडे ती संवेदना बोचरी करतात.

तळणीचे पदार्थ हे स्पार्कलिंग वाइनचे खरे क्षेत्र आहे. कांदाभजी, कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा यांतील तेल आणि मीठ, आणि ब्रूट, म्हणजे अगदी कोरड्या, प्रकारच्या वाइनमधील बुडबुडे व तीव्र आंबटपणा, यांच्याइतकी सोपी जोडी दुसरी नाही. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे निर्माण करण्याच्या पारंपरिक पद्धतीची वाइन आता नाशिक जिल्ह्यातच तयार होते. दिंडोरीला तर शाँदों या फ्रेंच नावाची वाइनरीही आहे. अशी बाटली केवळ वाढदिवसाला उघडण्याची प्रथा मला मान्य नाही. पावसाळ्यातील संध्याकाळी गरम भज्यांसोबत ती जितकी शोभते तितकी केकसोबत कधीच शोभत नाही, कारण केकच्या गोडीपुढे ब्रूट वाइन केवळ आंबट उरते.

मटणाचा विचार करताना सुके आणि रस्सा यांत भेद करावा लागतो. सुक्या मटणासोबत शिराझ ही लाल वाइन उत्तम निवड आहे. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, आणि तो केवळ भास नाही. रोटंडोन नावाचे जे रसायन काळ्या मिरीला तिचा वास देते तेच शिराझ द्राक्षाच्या सालीतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. मटणातील चरबी आणि प्रथिने टॅनिनचा तुरटपणा सौम्य करतात, आणि वाइन ओकच्या पिंपात मुरलेली असेल तर तिच्यात खोबऱ्याच्या वासाची एक छटा असते, जी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणाशी फार सुंदर जुळते. कोल्हापूरचा तांबडा रस्सा मात्र शिराझला सोसत नाही. मिरचीचा दाह आणि टॅनिन यांचे भांडण लागते. पांढऱ्या रश्श्याचे तसे नाही. नारळाचे दूध, खसखस, पांढरी मिरी आणि मटणाचे सत्त्व यांच्यासोबत व्हियोन्ये ही सुगंधी, भरदार पांढरी वाइन मी एकदा घेतली आणि तेव्हापासून ती जोडी बदलण्याची इच्छा झालेली नाही. नागपूरच्या सावजी मटणापुढे कोणतीही वाइन उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या तिखटात वाइनची चव कळत नाही आणि वाइनमुळे तिखट वाढते. दोन्हींचा अपमान होतो.

लोणच्याचे काय करावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कैरीचे मुरलेले लोणचे, मोहरीचा झणका, मेथीचा कडवटपणा आणि हिंग यांपुढे वाइन उभी राहत नाही, हे मान्य करावे आणि ज्या दिवशी वाइन घ्यायची त्या दिवशी लोणच्याऐवजी लिंबू, काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर किंवा ओल्या नारळाची चटणी वाढावी. ताट अपुरे वाटत नाही आणि वाइनला वाट मिळते. कोशिंबिरीत साखर नेहमीपेक्षा कमी घालावी, इतकी काळजी पुरते.

वाइनच्या तापमानाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतील खोल्यांसाठी आहे. मे महिन्यात पुण्यातील किंवा नागपुरातील खोलीचे तापमान वाइनसाठी घातक असते. लाल वाइन १६ ते १८ अंशांवर चांगली लागते, म्हणजे उन्हाळ्यात ती जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी ८ ते १० अंशांवर असावी. ती फ्रिजमधून थोडी आधी बाहेर काढली तर गोठलेला वास मोकळा होतो. गरम झालेल्या लाल वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढते आणि तिखट जेवणासोबत तेच सर्वाधिक खटकते, त्यामुळे आपल्या घरात ही शिस्त युरोपातील घरापेक्षा अधिक आवश्यक आहे. दुकानातही हे पाहावे. ज्या दुकानात बाटल्या उन्हाच्या झळीत काचेमागे उभ्या असतात तेथून कितीही चांगल्या नावाची वाइन घेण्यात अर्थ नाही.

आमच्या घरी सगळे वाइन घेत नाहीत. आई घेत नाही, आणि तिच्या पेल्यात ताक किंवा सोलकढी असते. घेणाऱ्यांच्या पेल्यातही जेवणासोबत साधारण १५० मिलिलिटरपेक्षा अधिक वाइन क्वचितच असते, कारण त्यापुढे जीभ बोथट होते आणि चाखण्याचा हेतूच राहत नाही. त्यामुळे बाटली एका रात्रीत संपत नाही आणि संपण्याची गरजही नाही. फिरकीचे झाकण घट्ट लावून, किंवा बूच परत दाबून, लाल असो वा पांढरी, ती फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते. एकाच बाटलीची वाइन सोमवारी वरण-भातासोबत, मंगळवारी पिठल्यासोबत आणि बुधवारी उसळीसोबत चाखता येते, आणि कोणत्या पदार्थाने तिच्यात काय बदलले हे ताज्या आठवणीने ताडून पाहता येते.

गोडाचा नियम एकच आहे: वाइन पदार्थाहून गोड असावी. उशिरा तोडलेल्या, साखर वाढलेल्या द्राक्षांची शेनिन ब्लाँ नाशिकला होते, आणि पुरणपोळीसाठी मला तिच्याइतकी योग्य वाइन ठाऊक नाही. होळीच्या दिवशी पुरणपोळी नैवेद्याची असते, तेव्हा वाइनचा विषयच नाही. पण दुसऱ्या दिवशी उरलेली पोळी तव्यावर तूप सोडून कडेने कुरकुरीत होईपर्यंत शेकली, की पुरणातील जायफळ आणि वेलदोडा पहिल्या दिवसापेक्षा अधिक खुलतात, आणि त्या वाइनमधील जर्दाळू व मधाची चव, तिच्या तळाशी असलेल्या आंबटपणासह, गूळ आणि तूप या दोघांनाही पेलते. त्यावर दूध घेऊ नये. दुधाने वाइनचा आंबटपणा बेसूर होतो. तूप मात्र सढळ हाताने घ्यावे.